घरतबाई हात बघतात

“सुलटा. सुलटा धर हात. नखं बघायला मी काय तुझी आई आहे?”

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या गेटच्या आत घरतबाई ओरडत होत्या आणि त्यांच्यासमोर बारा शिकाऊ उमेदवार शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीने उभे होते. बाजूला कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर, गळ्यात टाय, छातीशी कामाच्या वह्यांचा गठ्ठा. “मॅडम, आधी वह्या तर बघा. अक्षर बघा एकेकाचं,” ते तिसऱ्यांदा म्हणाले. बाईंनी वह्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “वही नको, हात,” एवढंच म्हणून त्या पुढच्या पोराकडे सरकल्या. त्या आवाजाच्या दाबाखाली मॅनेजरांनी गठ्ठा कधी काखेत मारला आणि आपलाही हात कधी पुढे केला, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. बाईंनी तोही पाहिला. “तुम्ही सह्या फार करता,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सुलभा घरत या पेणच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयाच्या अधिकारी आणि मी त्यांचा क्लार्क. शिपायाची जागा मंजूर होती पण भरलेली नव्हती, त्यामुळे बाईंची बॅग उचलणं हे काम आपोआपच माझ्याकडे आलं होतं. त्या बॅगेत कायदा, नियम, परिपत्रकं आणि त्या परिपत्रकांना रद्द करणारी परिपत्रकं असा सगळा संसार असायचा. एकदा ती एसटीच्या मागच्या बाकावर ठेवली, तर गाडीची पुढची चाकं वडखळपर्यंत जमिनीला लागली नाहीत. ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडून पेपर वाचून काढला. आवाजाचं म्हणाल, तर पेण स्टेशनात बाईंनी मला हाक मारली आणि थांबलेली मालगाडी सुटली. हे मी पाहिलेलं नाही, मी स्टेशनाबाहेर होतो, पण सांगणारा त्या गाडीचा गार्ड होता.

सरकारचं धोरण कागदावर फार सरळ होतं. आयटीआय पास झालेली पोरं प्रत्येक कारखान्याने ठरावीक संख्येने वर्षभर घ्यायची आणि त्यांना काम शिकवायचं. पोराने रोजचं काम वहीत लिहायचं. वर्ष संपलं की आमच्या कार्यालयाने वहीवर सही करायची, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. सरकारला आकडा मिळायचा, कारखान्याला जादा माणसं मिळायची, पोराला कागद मिळायचा. सगळे खूश. या खुशीत काम शिकणं ही एक गोष्ट तेवढी कुणाच्या ध्यानात नसायची, आणि घरतबाईंना नेमकं तेवढ्याच एका गोष्टीचं वेड होतं.

वही कुणीही लिहितं, असं त्यांचं म्हणणं. रात्री बसून चार जण मिळून एकच वही बारा वेळा लिहितात. हाताला तशी नक्कल जमत नाही. फिटरचा हात असेल तर कानशीच्या मुठीचा घट्टा तळव्याच्या मधोमध पडतो. हातोड्याचा पडतो करंगळीच्या मुळाशी. लेथवर काम करणारा टर्नर असेल तर गरम चुऱ्याचे बारीक डाग मनगटाच्या वर दिसतात. आणि खरोखर मशीन उघडलेलं असेल तर तळहाताच्या रेषांत काळं तेल बसतं, ते लग्नाच्या हळदीनेही निघत नाही. बाई हे सगळं दोन सेकंदांत वाचायच्या.

आता कुठलीही बाई गावोगाव फिरून लोकांचे हात सुलटे करून बघायला लागली, की लोक काय समजणार? रोह्यापासून नागोठण्यापर्यंत बाईंची कीर्ती ज्योतिषी म्हणून पसरली. वॉचमन गेट उघडण्याआधी तळहात धुवून यायचे आणि विचारायचे, “बाई, बदलीचा योग हाय का?” खांब गावच्या एका गृहस्थाने हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला गेली म्हणून रस्त्यात हात पुढे केला. बाईंनी निरखून पाहिला. “तू म्हशीला कधी बांधलेलीच नाहीस. दोराचा वळ कुठे आहे?” म्हैस सापडली की नाही ते ठाऊक नाही, पण त्या माणसाने त्याच दिवशी दोर विकत घेतला आणि बाईंची भविष्यवाणी खरी ठरल्याचं गावभर सांगत सुटला.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मी मूर्खासारखा बाईंना घेऊन गेलो. मुलगा म्हणाला, मी सुपरवायझर आहे. बाईंनी पोह्यांची बशी घेता घेता त्याचा हात धरून ठेवला. “सुपरवायझर नाही हा. पॅकिंगमध्ये डबे भरतो. पण चांगले भरतो, हात आखडता नाही.” मुलाचे वडील उठून उभे राहिले, मामा उठून उभा राहिला, मला वाटलं आता आम्हाला अंबा नदीत बुडवणार. पण बहीण आतून म्हणाली, मला चालेल. आज त्यांना दोन मुलं आहेत आणि भावोजी माझ्याशी बोलत नाहीत.

बाईंचा आवडता शब्द ‘आस्थापना’. कायद्यात कारखान्याला आस्थापना म्हणतात, पण बाईंना जगातलं सगळंच आस्थापना वाटायचं. चहाची टपरी ही चहा पातळ देणारी आस्थापना. माझं घर ही वेळेवर डबा न देणारी आस्थापना. स्वतः त्या बाजारपेठेच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्या घराला मात्र कधी काही म्हणाल्या नाहीत.

तर ते बारा जण. बाराही जणांच्या वह्यांत पंप खोलला, व्हॉल्व्ह बसवला, बेअरिंग बदललं असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. आणि बाराही हातांवर, तर्जनीच्या मुळाशी, एकाच जागी एकच घट्टा होता.

“दाभण,” बाई म्हणाल्या. “वर्षभर पोती शिवलीत.”

मॅनेजरांनी टाय सैल केला.

बाईंनी सही नाकारली. कायद्यात एक वाट होती. शिकणं राहून गेलं आणि त्यात उमेदवाराची चूक नसेल, तर मुदत वाढवून मिळते. बाईंनी तिथल्या तिथे माझ्या पाठीवर कागद ठेवून पत्र लिहिलं: सहा महिने जादा, आणि तेही देखभाल विभागात, पोत्यांपासून लांब. मॅनेजर काही बोलायला गेले, तर बाईंनी विचारलं, पोती शिवण्याचा ट्रेड कायद्याच्या कुठल्या पानावर आहे ते दाखवा, बॅग उघडीच आहे. त्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला.

खरी आफत नंतर आली. ठाण्याच्या वरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. “घरतबाई, जिल्ह्याचं उद्दिष्ट बारा जणांनी अडलंय. सही म्हणजे सहीच असते हो, तुम्ही तिला इतकं मनावर का घेता?” बाई म्हणाल्या, “घेते.” साहेबांनी फोन ठेवला, बहुधा यावरचं परिपत्रक शोधायला.

पण साहेबांपेक्षा अवघड होते पोरांचे बाप. त्या वर्षी नागोठण्याच्या बाजूला भरती निघणार होती आणि अर्जाला प्रमाणपत्र लागणार होतं. सहा महिने थांबायचं म्हणजे ती भरती गेलीच. पुढची कधी निघेल हे कोण सांगणार? पुढच्या आठवड्यात पोरं देखभाल विभागात गेली की नाही ते बघायला आम्ही रोह्याला गेलो, तर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पंधरा-वीस माणसं वाट बघत बसली होती. काही आतल्या गावांतले भातवाले, काही खाडीकडचे. त्यांचा म्होरक्या होता हिराजी म्हात्रे, मिठागरावर काम करणारा. उंची साडेचार फूट, पण उभा राहिला की टपरीवर सावली पडायची. हिराजींच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. कलेक्टर आला असता तरी त्याला ‘तू’च म्हणाले असते.

“बाय, तू सही कर,” हिराजी म्हणाले.

“नाही करणार.”

“माज्या घरान आजवर कुनी कंपनीन गेला नाय. मी मिठावर, माजा बाप मिठावर. ह्यो पयला. भरती परत कवा निघल?”

“मला नाही माहीत.”

“मंग तुजा काय जातंय? कागुद माज्या पोराचा हाय. काम काय, तो मंगशान शिकल.”

“मागाहून कुणी शिकवत नाही, दादा.”

“तुला काय ठावं?”

बाजूची माणसं पुढे सरकली. एक जण म्हणाला, बाईला साहेबीपणा दाखवायचा असेल. दुसरा म्हणाला, बाईला कंपनीकडून काहीतरी पायजे असेल. मी बॅग पुढे धरली, म्हणजे कुणी काही फेकलं तर कायदा आडवा येईल. तेवढ्यात हिराजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“तू सगल्यांचा हात बघतंस ना? आता तुजा दाखव.”

इतक्या वर्षांत बाईंचाच हात बघायला मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. बाईंनी पर्स माझ्याकडे दिली आणि उजवा हात सुलटा करून पुढे धरला.

हिराजींचे हात खारट पाण्याने भेगाळलेले, तळव्याला जुन्या होडीच्या फळीसारख्या चिरा. त्यांनी बाईंचा हात आपल्या हातावर घेतला, अंगठ्याने चाचपला, आणि बराच वेळ बघितला.

“ह्यो तं लिवनारीचा हात हाय.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मी टर्नर आहे. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे.”

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

“आयटीआयला टर्नरच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. शिकाऊ म्हणून कंपनीत गेले, तर म्हणाले, मुलीला मशीनवर कुठे उभं करता, लागेल-बिगेल. वर्षभर गेटपास लिहायला बसवलं. वहीत मात्र लेथ लिहायला सांगितलं. अक्षर चांगलं होतं माझं. वर्ष संपलं तेव्हा एक साहेब आले, भला माणूस. म्हणाले, पोरीचं वर्ष कशाला वाया घालवायचं, आणि सही केली. परीक्षेत लेथवर जो तुकडा घडवायचा, तो जॉबसुद्धा परीक्षकांनीच करून दिला. सगळे माझ्याशी फार चांगले वागले.”

“मंग?”

“मग एका कारखान्यात मुलाखतीला बोलावलं. लेथसमोर उभं केलं आणि म्हणाले, चालू कर. मला कुठला दांडा ओढायचा ते कळेना. चार जण बघत होते. पाचवा हसला. मी प्रमाणपत्र उचललं आणि घरी आले. मग सरकारी परीक्षा दिली. ती लेखी होती.”

हे सगळं बाई इतक्या साध्या सुरात म्हणाल्या, जसं काही एखादं जुनं पत्र वाचून दाखवत होत्या. मी मात्र पर्स, बॅग आणि तोंड, तिन्ही उघडी टाकून उभा होतो.

हिराजींनी हात सोडला. गर्दीच्या मागे त्यांचा पोरगा उभा होता, त्याला पुढे बोलावलं. “रं, तुला तो पंप खोलता येतंय?”

पोरगा खाली बघत म्हणाला, “नाय, बा.”

“वयीन लिवलंस ना, खोलला म्हनून?”

“सगल्यांनी लिवला.”

हिराजी डोक्याचं फडकं झटकत बाईंना म्हणाले, “सा म्हयनं. एक दीस जादा नाय.” आणि बाकीच्यांना म्हणाले, “चला रं.” दोघे-तिघे कुरकुरले, एकाने बाईंना शिवीही दिली. पण हिराजी वळून बघेनात, म्हणून सगळे गेले.

सहा महिने बाई दर शनिवारी रोह्याला गेल्या. पोरांच्या हातांच्या रेषांत काळं तेल बसलं, तेव्हा बाराही वह्यांवर सही केली. त्या वर्षीची भरती गेली ती गेलीच. पुढे त्यातले बहुतेक इकडे-तिकडे लागले, हिराजींचा पोरगा पंपांची दुरुस्ती करतो, आणि एकाला नंतरही नोकरी मिळाली नाही. त्याचा बाप मला पेणच्या बाजारात भेटला की आजही तोंड फिरवतो. ठाण्याच्या साहेबांनी बाईंच्या गोपनीय अहवालात लिहिलं की अधिकारी उद्दिष्टाबाबत उदासीन आहेत. ठाण्याला टायपिस्टची जागाही रिकामी होती, म्हणून तो अहवाल टाइप मीच केला.

पण मला सांगायचंय ते त्या टपरीवरच्या दिवसाचं. संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही परत निघालो. निडी गेलं, नागोठणे गेलं, बाई खिडकीशी गप्प. मला शांतता सोसत नाही, हे माझं घरही सांगेल. शेवटी कासूच्या आसपास मी म्हणालो, “बाई, मी अकरा वर्षं तुमच्याबरोबर काम करतोय. एवढं सगळं झालं होतं, तर कधी बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही,” बाई म्हणाल्या.