एक डोळा बाकी

"बाळाची वार खाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरण्यासारखं काही नाही, पण आता आडवं पडायचं. डाव्या कुशीवर. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं."

हे सांगितलं नमिताला, पण मनावर घेतलं ते तिच्या सासूने. चंद्रावतीबाईंनी पेणच्या त्या घरात असा काही बंदोबस्त लावला की विचारू नका. नमिताने नुसती कूस बदलली तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "काय गो, कुठं चाललीस?" पाण्यासाठी मान उचलली की सासूबाई वाटी-चमचा घेऊन हजर. नवरा धनेश नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करायचा, तो आपला सुटला होता.

पोटातल्या जिवाची काळजी नमितालाही होतीच, तिचं पहिलंच होतं. पण हाताला काम नाही म्हटल्यावर तिची नुसती तगमग व्हायची. आणि काम तर पडवीत रांगेने उभं होतं. घरचा गणपतींचा कारखाना. सासऱ्यांचा, हिरामणदादांचा हात थरथरू लागल्यापासून डोळ्यांची आखणी नमिताकडे आली होती. रविवारी रोह्याचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येणार, आणि इकडे पितांबर झाला, मुकुट झाला, सोंड झाली, पण एकाही गणपतीला डोळे नाहीत! ऐन हंगामात पेणला दुसरा आखणीवाला मोकळा मिळेल, हे तर विसराच.

चंद्रावतीबाई मासळीबाजारात गेल्या तशी हिरामणदादांनी दारातून मान आत घातली. "पडल्या पडल्या जमंल काय गो?"

"आणा," नमिता इतक्या चटकन म्हणाली की म्हातारा दचकला.

खाटेजवळ स्टूल आलं, स्टुलावर वीतभर उंचीचे गणपती आले. डाव्या कुशीवर पडलं की उजवा हात मोकळाच राहतो, हे डॉक्टरीणबाईंच्याही लक्षात आलं नसेल. दोन मूर्तींचे डोळे झकास उतरले. तिसरीचा एक डोळा झाला आणि बाहेरचं फाटक करकरलं.

आता या कारखान्यात एक नेम आहे. एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय कुंचला खाली ठेवायचा नाही. हा नेम पाळायला लावणाऱ्या खुद्द चंद्रावतीबाई. एकदा मध्येच लाईट गेली तर नवऱ्याच्या डोक्याशी टॉर्च धरून उभ्या राहिल्या होत्या. पण आता कसला नेम? हिरामणदादा दोन गणपती बगलेत मारून मागच्या दाराने पळाले, आणि तिसरा गेला नमिताच्या चादरीत, पोटाच्या शेजारी.

सासूबाईंच्या मागोमाग शेजारच्या सीताबाई आत आल्या. "अगो बाय! केवढं हे पोट! परवा तर एवढंसं होतं."

"वाटाणे खाऊ नको म्हटलं होतं," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

"वाटाणे कसले? जुळं हाय! ह्या अंगाला बघ ना, डोकं कसं वर आलंय."

वर आला होता तो मुकुट. नमिताने श्वास रोखून धरला.

"सोनोग्राफीत एकच हाय गो."

"दुसरा मागं लपला असंल!"

झालं! जुळं म्हटल्यावर चंद्रावतीबाईंनी खाटेशी बैठक मारली ती हलेचनात. गणपती अडकला चादरीत. सीताबाईंनी घरी जाऊन रोह्याच्या बहिणीला फोन लावला, बहिणीने तिथेच राहणाऱ्या नमिताच्या आईला गाठलं, आणि तेवढ्या वाटेत जुळ्याचं तिळं झालं. दुपारच्या गाडीने आई, अनिताबाई, पेणला उतरल्या. जुन्या साड्यांच्या दुपट्यांचं बोचकं काखेत, डोळ्यांना पदर.

"तीन! माझ्या पोरीला तीन, आणि मला कुणी सांगितलं नाय?" असं म्हणत त्यांनी चादर ओढली.

एक डोळा उघडा ठेवून गणपती सगळ्यांकडे बघत होता.

"अहोऽ!" चंद्रावतीबाईंनी हाक मारली. हिरामणदादा दाराआडच होते, ते आणखी भिंतीला चिकटले.

सासूबाईंकडे बघताना नमिताला रडू फुटलं. "आई, चुकलं माझं. पण नुसती पडून राहिले की भीती वाटते हो. बाळाबद्दल नको नको ते मनात येतं. कुंचला हातात असला की नाही येत."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांचंही मन हललं. पण नजर गणपतीवरून सुटेना. "दुसरा डोळा कुठाय?"

"राहिलाय."

"एक डोळा काढून देव चादरीत कोंबलास? माझ्या घरात हे चालायचं नाय. काढ दुसरा. आत्ता!"

"पण डॉक्टर..."

"उठायचं नाय म्हणाल्या. पडून देव रंगवायचा नाय, असं कुठं म्हणाल्या?" चंद्रावतीबाईंनी मूर्ती स्वतः दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली. "ह्या एकापुरतं हां. मग गप पडायचं."

दुसरा डोळा झाला. सुनेचा शांत झालेला चेहरा बघून सासूबाई विहिणीसाठी चहा करायला गेल्या. कप घेऊन परत आल्या तर स्टुलावर पाच नवे गणपती, आणि पाचही जणांचा एकेक डोळा काढलेला. हिरामणदादा छताकडे बघत होते. अनिताबाई दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या.

"आई," नमिता हळूच सासूबाईंना म्हणाली, "एक डोळा बाकी राहिलाय."

चंद्रावतीबाईंनी कप खाली ठेवले, पदर खोचला आणि पहिला गणपती उचलला.

रविवारी टेम्पो भरून गेला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "वार वर सरकलीय, बाळाचं वजनही छान वाढलंय. एवढी नेमाने पडून राहणारी पेशंट मी पाहिली नाही. कसं जमवलंत हो?"

चंद्रावतीबाईंनी काळ्या रंगाने माखलेले अंगठे पदराआड घेतले.

"काय नाय बाई," त्या म्हणाल्या, "दिवसभर आपली देवाकडे बघत पडलेली असते."