बसून खाणारं पातं

वामनभाऊंना भिंतीपलीकडून माझ्या लाकूड कोरायच्या राउटरचं पातं तिरपं बसलेलं ऐकू येतं. स्वतःच्या दारावरची बेल मात्र ऐकू येत नाही.

नंदनवन वस्तीत घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये माझं फर्निचरचं काम चालतं. फळ्यांच्या कडा गोल करायला राउटर सुरू केलं, की शेजारचे हे निवृत्त फिटर ताटावरून उठून हजर. अंगात बनियन, हात खरकटा आणि हुकूम, "बंद कर गा! आवाज फाटून राहिला."

राउटरच्या बिटला, म्हणजे फिरत्या टोकाला, कार्बाइडची दोन चौकोनी पाती असतात, बारीक स्क्रूनं कसलेली. धार गेली की स्क्रू काढायचा, पातं फिरवून कोरी बाजू पुढे घ्यायची, पुन्हा कसायचं. माझ्या हातचं पाच मिनिटांचं काम. भाऊंच्या हातात गेलं की लग्नकार्य! आधी प्लग काढून मांडीखाली घेणार. माझ्यावर भरवसा नाही. मग टूथब्रशनं पात्याची बैठक घासणार, फुंकणार, परत घासणार.

"भुसा राहिला तं पातं वर येते. मंग एक पातं कमावते, दुसरं बसून खाते!"

हा विनोद रोज. हसायचंही त्यांनीच. मग लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर चालवून नख फिरवणार, आणि नखाला रेघ लागली की पुन्हा पहिल्यापासून. तिकडे गिऱ्हाइकाचे फोन, इकडे मी दातओठ खात उभा.

मी फार बोलणारा माणूस नाही. पण एका दुपारी तोंडातून निघालंच, "भाऊ, मले येते हे काम. तुम्ही नका येत जाऊ."

"बरं," म्हणाले. टूथब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि गेले.

आठवडाभर कामं भराभर उरकली. मग एक फळी मधल्या बुटक्या भिंतीला टेकवताना पलीकडे नजर गेली. भाऊ भिंतीला खुर्ची लावून जेवत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर. माझं मशीन नुकतंच थांबलं होतं. त्यांचा घास हातातच राहिला. जरा वेळ कान देऊन बसले, मग खाली बघून जेवू लागले.

वहिनी गेल्यापासून त्या घरात बोलायला दुसरं कुणी नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून बोललो होतो.

आता सांगूनच टाकतो. आत जाऊन मी एक पातं मुद्दाम केसभर वर ठेवून कसलं आणि चांगल्या सागवानावर चालवलं. आवाज असा फाटला की माझेच दात शिवशिवले. भाऊ आले नाहीत. पुन्हा चालवलं. तरी नाहीत. एवढा ताठा! शेवटी भिंतीपाशी जाऊन मीच हाक मारली, "भाऊ, पाहता का जरा?"

"काहून? तुले तं येते ना?"

"नाही येत, भाऊ."