रस्त्यापलीकडून वाचणारे सिद्रामअण्णा

“ह्या पोरीचं अक्षर लाजायलंय बघ,” सिद्रामअण्णा चहावाल्याला म्हणाले.

ते रस्त्यापलीकडे उभे होते आणि मी अलीकडे, क्लासच्या गाळ्यात, माझ्या कॉम्प्युटरसमोर. शटर पूर्ण उघडं होतं. मधून उदगीरची बस गेली, तरी ते वाक्य माझ्यापर्यंत नीट पोचलं. चहावाल्याने माझ्या स्क्रीनकडे पाहून गंभीरपणे मान हलवली.

आमच्याच वर्गात शिकणाऱ्या अण्णांची ही रोजची पद्धत. कुणाचंही पान तयार झालं की ते उठायचे, चपला घालायचे, रस्ता ओलांडायचे आणि तिथून ते वाचायचे. वाचता आलं तर परत येऊन गुपचूप बसायचे. नाही आलं तर अख्ख्या बसस्टँडला कळायचं. “चालत्या बशीतून वाचता येईना तर ते अक्षर काढायचंच कामून?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सीमाभागातल्या भालकीत आमचा सहा महिन्यांचा कोर्स चालू होता. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, अशा सगळ्यांना वापरता येतील अशा वेबसाइट आणि अ‍ॅप बनवायला शिकायचं. कोर्सच्या शेवटी परीक्षा. पहिल्या येणाऱ्याचं नाव सर कलबुर्गीच्या एका कंपनीला कळवणार होते. काम वर्षभराचं, घरी बसून. दुसऱ्यांच्या वेबसाइट तपासायच्या आणि चुका लिहून पाठवायच्या. लिहून, हे महत्त्वाचं. बंगळुरूच्या दोन मुलाखतींत माझं तोंड उघडलं नव्हतं. न बोलता करण्यासारखं एक काम जगात निघालं होतं, आणि ते मला हवं होतं.

वर्गात इंग्रजी शाळेतली मी एकटीच. कोर्सची सगळी पुस्तकं इंग्रजीत. म्हणजे पहिला नंबर ठरलेलाच, असं मी पहिल्या आठवड्यात धरून चालले होते. मग अण्णांनी रस्ता ओलांडायला सुरुवात केली.

सिद्रामअण्णा पेंटर होते. कॉम्प्युटरचे नव्हे, पाट्यांचे. भालकीच्या बाजारातली निम्मी जुनी दुकानं त्यांच्या अक्षरात आहेत. वर कन्नड, खाली मराठी, कडेला उर्दू. उर्दू त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यांची पाटी चुकली असं कुणी कधी म्हटलं नाही. “फ्लेक्सनं धंदा खाल्ला,” ते सांगायचे, “मग म्हटलं, पाट्या आता मोबाइलवर गेल्यात तर आपुन बी जाऊ.” वय पन्नाशीच्या पुढे. आमच्यात बसायचे ते मात्र लग्नघरी आलेल्या मामासारखे, प्रत्येक पदार्थात मीठ तपासत.

त्या दिवशी परत येऊन ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. “कान्व्हेंटअक्का, हे पांढऱ्यावर राखाडी कुणी शिकवलं?”

मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट अशाच असतात, हे मी मनात म्हटलं.

“तीनच्या आत हाय हे. साडेचार तरी पाहिजे.”

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजायचं एक साधन असतं. मी ते लावलं. आकडा आला दोन पूर्णांक पंच्याऐंशी. मी ते साधन वापरायला आठवडाभर शिकले होते. अण्णांनी ते अजून उघडूनही पाहिलेलं नव्हतं.

मला त्यांचा राग आला, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मला त्यांचे डोळे हवे होते. एका रविवारी, क्लास बंद असताना, मी चुलतबहिणीला माझा लॅपटॉप धरून शटरपाशी उभं केलं आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे गेले. डोळे बारीक केले. एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, “अक्का, कुठं सोडू?” मी घरी गेले.

फोटोंचं तर विचारूच नका. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक फोटोचं वर्णन लिहावं लागतं, ते कॉम्प्युटर वाचून दाखवतो. सरांनी बाजारातला एक फोटो दिला होता. मी लिहिलं, ‘बाजारात बसलेली एक स्त्री’. अचूक, आटोपशीर. अण्णांनी लिहिलं, ‘तुरीच्या पोत्यावर बसून बाई चहा प्यायलीय. तूर चांगल्या भावानं गेली असावी.’ सरांनी ते तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा मीही हसले, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

एकाच गोष्टीत अण्णा मला ढोंगी वाटायचे. ते माउस वापरत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी तो उपटून ड्रॉवरमध्ये टाकला होता. “हे धरून बसायचं काम ऐद्यांचं,” म्हणायचे, आणि डाव्या हाताने कीबोर्डवर सगळं करायचे. उजवा हात पँटच्या खिशात, प्रचाराला आलेल्या पुढाऱ्यासारखा. कीबोर्डने न चालणारं पान दिसलं की ते बनवणाऱ्याची दिवसभर खैर नसे. मी मनात म्हणायचे, किती तो रुबाब.

परीक्षेच्या दिवशी सरांनी कुठल्यातरी तयार साधनावर बनवलेला पेपर उघडून दिला. डावीकडे शब्द, उजवीकडे चौकटी. शब्द ओढून योग्य चौकटीत टाकायचे. वर उलटं घड्याळ, वीस मिनिटांचं. मी नऊ मिनिटांत संपवलं. सबमिटचं बटण दाबण्याआधी, सवयीने, अण्णांकडे पाहिलं.

त्यांच्या चौकटी रिकाम्या होत्या. ते डाव्या हाताने एक कळ दाबत होते, मग दुसरी. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. पेपर फक्त माउसने सुटणारा होता. मी तो माउसने सोडवला होता, त्यामुळे मला हे दिसलंच नव्हतं. सहा महिने मी नेमकं हेच ओळखायला शिकत होते.

अण्णा आता ओरडतील, म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी फक्त सरांकडे पाहिलं, सर मोबाइलमध्ये होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडून माउस काढला, जोडला आणि खिशातला उजवा हात त्यावर ठेवला.

पडद्यावरचा बाण थरथरायला लागला. एक शब्द उचलला गेला, अर्ध्या वाटेवर पडला. त्यांनी मनगट डाव्या हाताने धरलं. शब्द पुन्हा उचलला गेला, चौकटीच्या काठापर्यंत गेला आणि पुन्हा पडला. त्या हाताने बाजारभर तीन लिप्या काढल्या होत्या. धंदा फ्लेक्सने खाल्ला नव्हता.

अण्णांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि समोर पाहत बसले. एरवी त्यांच्या बोलण्याने गाळा भरलेला असायचा. आता बोलायचं तर हात दाखवावा लागला असता.

घड्याळात दहा मिनिटं उरली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला कुणाहीपेक्षा चांगलं येतं. काम माझं होतं. मी बटणापर्यंत बाण नेला. तिथे तो अगदी स्थिर उभा राहिला.

मग मी माझ्या माउसची वायर उपटली. पान पुन्हा उघडलं. माझ्या सगळ्या चौकटी रिकाम्या झाल्या. मी कीबोर्डवरची एक कळ दाबून पाहिली, मग दुसरी. काहीच हललं नाही.

मी उभी राहिले. मनात एक इंग्रजी वाक्य तयार होतं, व्यवस्थित, सगळ्या कारणांसकट. ते मी तिथेच ठेवलं. अण्णांकडे न बघता मी म्हणाले, “सर, घड्याळ थांबवा. माझा पेपर कीबोर्डनं सुटंना झालाय.”