बारदानाखालचे डायनोसॉर

मखमलाबादच्या महेशला शेतीतलं सगळं येत होतं, आणि बाकीचंही सगळं येतं असं त्याचं ठाम मत होतं! मोटर जळाली, महेश खोलणार. कुणाची सोयरीक मोडली, महेश जोडणार. त्यामुळे चौथीतल्या लेकीला, आरोहीला, विज्ञान प्रदर्शनासाठी 'ज्युरासिक काळातले डायनोसॉर' हा विषय मिळाल्याचं कळताच त्याने जेवता जेवताच घोषणा केली.

"थर्माकोल-बिर्माकोल काय आणायचं नाय! आपल्या मळ्यातल्या भाजीतून अख्खं ज्युरासिक उभं करतो. लोक तोंडात बोटं घालतील!"

आरोहीने आईकडे पाहिलं. स्नेहलने आमटीकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षीच्या ज्वालामुखीत महेशने दिवाळीतला उरलेला भुईनळा बसवला होता. ज्वालामुखी असा काही फुटला, की शेजारच्या टेबलावरच्या 'आदर्श गावा'तली ग्रामपंचायत जळून गेली! आरोही वर्गात आठवडाभर मान खाली घालून बसली. आणि परवाच ती आईच्या कानात म्हणाली होती, "या वर्षी पप्पांना कळूच देऊ नको." ते न्हाणीतून बाहेर येणाऱ्या महेशने ऐकलं होतं. बापाला अशी गोष्ट लागते. दुसऱ्या कुणाचं काही का म्हणणं असेना, पोरीच्या नजरेत उतरून चालणार नव्हतं.

"अहो, भाजी ती. सुकून जाईल," स्नेहल म्हणाली.

"अगं, भाजी ताजी कशी ठेवायची हे तू मला शिकवतेस? वीस वर्षं मार्केटला माल घालतोय मी!"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी महेश मळ्यातून दोन कॅरेट भरून भाजी घेऊन आला आणि ओसरीत बैठक मारली. शेजारी आरोही, मांडीवर पुस्तक.

दुधी भोपळ्याला पडवळाची मान लावली, की झाला ब्रॅकिओसॉरस. "पप्पा, त्याचे पुढचे पाय मागच्यापेक्षा लांब असतात!" पुढे गाजरं, मागे मुळ्याचे तुकडे. काकडीला शेवग्याची शेंग जोडून चाबकासारख्या शेपटीचा डिप्लोडोकस. अख्ख्या डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, स्टेगोसॉरस, पाठीवर बिटाच्या चकत्यांची रांग, शेपटीला चार हिरव्या मिरच्या. मुळातच कोंबडीएवढे असलेले कॉम्पसॉग्नाथस तोंडल्यांचे. भेंडीला कोथिंबिरीचे पंख लावून आर्किऑप्टेरिक्स. आणि भल्यामोठ्या हिरव्या वांग्याचा ॲलोसॉरस, जबड्यात खोबऱ्याचे दात!

"स्टेगोसॉरस एवढा मोठा होता, पण मेंदू अगदी बारका," आरोहीने वाचून दाखवलं.

स्नेहलने नवऱ्याकडे पाहिलं.

शेवटी महेशने भरताच्या वांग्याचा टी-रेक्स केला आणि मिशीवरून हात फिरवला.

"हा नाही चालणार," आरोही म्हणाली.

"का? सगळ्यात फेमस तोच तर हे!"

"तो ज्युरासिकमध्ये नव्हताच, पप्पा. कितीतरी नंतर आला."

"आला तर आला, बसंल एका कोपऱ्यात!"

"नाही!"

टी-रेक्सचं त्या रात्री भरीत झालं. ते मात्र उत्तम झालं होतं.

जेवण झाल्यावर आरोहीने प्रत्येक डायनोसॉरपुढे बोट नेऊन नावं म्हटली आणि मग, कुणी न सांगता, बापाच्या गळ्यात पडली. "मस्त झालेत, पप्पा!" महेशला आभाळ ठेंगणं झालं. आता ही जनावरं सकाळपर्यंत टवटवीत राहायला हवीत. त्याने ती अलगद कॅरेटमध्ये ठेवली, वर ओलं बारदान टाकलं, आणि दव लागावं म्हणून दोन्ही कॅरेट नेहमीच्या जागी फाटकापाशी नेऊन ठेवली. नेहमीच्या जागी!

आता मखमलाबादच्या त्या रस्त्याची रीत अशी, की फाटकापाशी ओल्या बारदानाखाली जे असेल तो माल. गोरक्षचा पिकअप अंधारातच येतो, मळ्यामळ्यावरची कॅरेट उचलतो आणि मार्केटला नेऊन लिलावात उभी करतो. कुणी कुणाला उठवत नाही, विचारत नाही.

सकाळी महेश दात घासत फाटकापाशी आला आणि ब्रश तोंडातच राहिला. त्याने फोन लावला.

"गोरख, डायनोसॉर कुठं हेत?"

"कोण सर?"

"सर नाय रे! डायनोसॉर! माझी दोन कॅरेट!"

"हां, ती व्हय! गेली की भाऊ, पहिल्या पुकाऱ्यात! बारदान काढलं आन् ही गर्दी! असा माल मार्केटला कधी आलाच नाय म्हणत्यात. पुढच्या खेपेला जास्त पाठवा!"

"अरे, उचलण्याआधी बघायचं तरी!"

"तुम्हीच बोंबलत असता ना भाऊ, बारदान काढू नको, माल सुकतो! मी काढलंच नाय."

"घेतली कुणी?" एवढंच महेशने विचारलं.

"भाजीवाल्या गोजराबाईनं. आज बुधवार, गंगेवर बसली आसंल."

महेशने मागे वळून पाहिलं. गणवेश घातलेली, वेण्या घातलेली आरोही ओसरीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं महेशला वाटलं. पण खचला तर तो महेश कसला!

"बस गाडीवर! अर्ध्या तासात सगळी जनावरं परत आणतो!"

गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, बुधवारचा बाजार भरात आला होता. गोजराबाईच्या पालापुढे मात्र ही गर्दी! ब्रॅकिओसॉरस मान उंच करून कोबीच्या ढिगावर उभा होता. एका हातात तागडी, एका हातात विळा घेऊन गोजराबाई ओरडत होती, "या, या! नवीन जातीची भाजी! निम्मी चिरून, सोलून तयार!"

"मावशी, थांबा!" महेश गर्दीत घुसला. "हा माल विकायचा नाय!"

"मग मार्केटला कशाला धाडला?" गोजराबाई म्हणाली. "रीतसर लिलावात घेतलाय मी. कुणाच्या मळ्यातनं उपटून नाय आणला. तुला पायजे तर लायनीत ये."

लाइनीत पुढे एक काका होते. त्यांनी स्टेगोसॉरसवर टिचकी मारली. "डांगर चांगलं दिसतंय. पण सगळं नको. शेपटीकडचं अर्धा किलो द्या."

"नाही!" आरोही किंचाळली. "तो स्टेगोसॉरस आहे!"

काका दचकले. "म्हणजे फवारणी केलेलं आहे का?"

"नाही हो काका! ज्युरासिक काळातला डायनोसॉर. त्या मिरच्या म्हणजे शेपटीचे काटे. शत्रू आला की तो शेपटी फिरवायचा!"

"असं होय! मग शेपटी राहू द्या, डोक्याकडचं द्या."

विळा खाली आला. महेशने डोळे मिटून घेतले.

पण त्या एका किंचाळीने घोटाळा वाढवून ठेवला होता. लोक आता आरोहीलाच विचारू लागले. बाळ, हा कोणता? आणि हा लांब शेपटीचा? पोरगी शिक्षिकाच असल्यासारखी सांगू लागली. ब्रॅकिओसॉरस झाडाच्या शेंड्याचा पाला खायचा. डिप्लोडोकसची शेपटी केवढी! आर्किऑप्टेरिक्सला पिसं होती! ती जितकं सांगे तितकी गर्दी वाढे आणि गोजराबाईची तागडी पळे. "सांग पोरी, सांग! झ्याक सांगतीस!" पडवळाची मान एका बाईने नेली, दुधी दुसरीने. कॉम्पसॉग्नाथस पावशेरात गेले. आर्किऑप्टेरिक्स तर गोजराबाईने कुणाच्या तरी पिशवीत वरून फुकट टाकला, कोथिंबीर म्हणून!

"आरोही, अगं गप!" महेश दबक्या आवाजात म्हणाला. "तू बोलतीस तसा माल संपतोय!"

पण ती आता ऐकायच्या पलीकडे गेली होती. गाल लाल, वेण्या सुटलेल्या. एका आजींनी ॲलोसॉरस उचलला. "वांगं बरं आहे गं. भरताला होईल."

"तो ॲलोसॉरस, आजी. मांसाहारी होता."

आजींनी वांगं टाकूनच दिलं. "नको गं बाई! आमच्यात माळकरी आहेत."

ही बातमी क्षणात गर्दीभर पसरली. ॲलोसॉरसला कुणी हात लावेना! शेवटी गोजराबाईनेच तो महेशच्या हातात कोंबला. "घेऊन जा बाबा तुझं ते बाटलेलं वांगं. न्हायतर माझा कोबी पडून राहील."

शाळेत पोचले तेव्हा परीक्षक बाई दोन टेबलांवर येऊन ठेपल्या होत्या. आरोहीने रिकाम्या टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या मांडल्या आणि शेवटच्या चिठ्ठीपुढे ॲलोसॉरस ठेवला. प्रवासात त्याचे दोन दात पडले होते. महेश भिंतीला चिकटून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही सुचत नव्हतं.

"बाकीचे कुठे आहेत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

महेशने तोंड उघडलं. "मॅडम, हा मांसाहारी. बाकीचे यानं..."

"पप्पा, थांबा!" आरोही म्हणाली आणि बाईंकडे वळली. "बाई, ब्रॅकिओसॉरसची मान पंचवटीत गेली. स्टेगोसॉरसचं डोकं एका काकांकडे शिजतंय, शेपटी अजून गंगेवर आहे. खरे डायनोसॉर पण असेच, एका जागी अख्खे सापडतच नाहीत. एक हाड इकडे, एक तिकडे. मग शास्त्रज्ञ जुळवत बसतात."

बाई चष्मा काढून हसायला लागल्या. "आणि हे नामशेष कशाने झाले? उल्का पडली म्हणून?"

"नाही बाई, उल्का कितीतरी नंतर पडली. हे पिकअपने गेले."

मग तिने फाटकापासून गोजराबाईच्या विळ्यापर्यंत सगळं सांगितलं. आजूबाजूची टेबलं ओस पडली. सौरऊर्जेवाला, पवनचक्कीवाला, सगळे आरोहीभोवती! दुपारी निकाल लागला आणि उत्कृष्ट सादरीकरणाचं बक्षीस आरोहीला मिळालं.

महेशची छाती पुन्हा फुगली. परतताना गाडीवर तो सारखा मागे वळून बोलत होता. "म्हटलं नव्हतं? लोक तोंडात बोटं घालतील! आता पुढच्या वर्षी काय करायचं ते आत्ताच सांग. पप्पा तयार हे!"

आरोहीने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. "पुढच्या वर्षी पण तुम्हीच बनवा, पप्पा."

महेशच्या डोळ्यांत पाणीच आलं. "खरंच?"

"हो. फक्त गोरक्षकाकांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा. तुम्ही बनवलेलं शाळेत पोचायच्या आत त्यांनी उचलून न्यायला पाहिजे."

संध्याकाळी पारावर महेशने सगळ्यांना सांगितलं, की पोरीने पुढच्या वर्षीचं कामही आपल्यालाच दिलंय. पुढचं वाक्य त्याने सांगितलं नाही.