पुंजाजींचा हिरवा ठिपका

पुंजाजी लघवीला जातानासुद्धा फोन करायचे. खोटं सांगत नाही. "बाई, मी जरा त्या हिवराच्या झाडाच्या आडोशाले जाऊन राह्यलो. ठिपका थांबला तं घाबरू नको."

घाबरतेय कोण! संग्रामपूरच्या वीज ऑफिसात माझं टेबल, टेबलावर पडदा, पडद्यावर तालुक्याचा नकाशा आणि नकाशावर आमचे लाइनमन. साहेबांनी एकेकाला मोबाइल वाटले होते. उपग्रहाच्या जोरावर कोण कुठं आहे ते मला दिसायचं. कुठं तार तुटली की जवळचा ठिपका बघून मी त्याला पिटाळायचे.

बाकीच्यांना ही पाळत वाटली, आणि ती होतीच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तोड काढली. सगळे मोबाइल एकाच्या पिशवीत. तो गावोगाव फिरणार, बाकीचे वरवटला कॅरम कुटणार. एकदा पिशवीवाला मेहुण्याच्या घरी बारशाला गेला, तर आमची अख्खी टोळी पडद्यावर पंगतीला बसलेली. साहेब म्हणाले, "तिथं एवढा काय बिघाड झाला?" मी म्हटलं, "मोठाच असेल, सगळे धावलेत."

पुंजाजींचा ठिपका मात्र एकटा. खांबाजवळ गेले की आधी हेल्मेट काढून आकाशाकडे तोंड करायचे. त्यांच्या मते टोपीखालचा माणूस उपग्रहाला ओळखू येत नाही.

"अहो काका, तो तुमचं तोंड बघत नाही."

"तुले कोणं सांगतलं? वरतून सारं दिसते."

सोनाळ्याच्या पुढं डोंगरात रेंज जायची. खाली उतरले की लगेच फोन. "बाई, मी दिसून राह्यलो काय?"

"दिसता काका. सोनाळ्याच्या स्टँडवर."

"बराबर!" असे खूश व्हायचे, की पगारवाढ झाली म्हणावं. पोरांनी त्यांना साहेबांचा चमचा ठरवलं. हसायला मीही होतेच.

शेवटी साहेबांनी हात टेकले आणि मोबाइल परत मागवले. पोरं टेबलावर मोबाइल आपटून नाचत गेली. पुंजाजींनी तो शर्टाला पुसून ठेवला आणि खुर्चीत बसूनच राहिले.

"काका, सुटलात! आनंद नाही झाला?"

"काऊन होईन? बायको होती तं ईचारे, कुठी हा, कवा येता. ते गेली. पोरगा पुण्याले, त्याले सवड नाही. दिवसभर कोणी तं पाहून राह्यलं मले, असं वाटे. आता खांबावरून पडलो तरी संध्याकाळपावतो कोणाले समजत नाही."

तोंडाला येईल ते बोलून गेले, "मीही शेगावहून एकटीच येते की. रोज बसमध्ये बसले की तुम्हाला फोन करीन, उतरले की करीन."

"मले?"

"नाहीतर काय साहेबांना?"

झालं, माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. खिडकीजवळ बसली काय, बाजूले कोण हाये, ड्रायव्हर बराबर चालवते काय! वैताग नुसता. पण फोन करायचे.

परवा उतरल्यावर मैत्रीण भेटली, गप्पांत विसरले, पर्समधला फोन वाजलेलाही कळला नाही. ऑफिसात आले तर पुंजाजी नाहीत. "ते तुले शोधाले गेले," पोरं दात काढत म्हणाली. मी फोन लावला, तर त्यांचा स्वतःचा फोन ऑफिसातच टेबलावर वाजला.

दुपारी आले. गाडी धुळीनं माखलेली. शेगावपर्यंत प्रत्येक थांब्यावर विचारत गेले होते.

"एक फोन कराले काय झालं होतं वं तुले? बस पलटली म्हटलं! कुठी कुठी पाहू मी?" अख्ख्या ऑफिसासमोर ओरडत होते. दात काढणाऱ्या पोरांनीच त्यांना खुर्ची सरकवली.

"चुकलं काका," म्हणत मी पाणी दिलं. ते घटाघटा प्यायले. मग आवाज खाली आला.

"आन पोरी, संध्याकाळी मी घरी पोचलो काय, ते तू ईचारत जाय."