मधुआजोबांचे दोन युवराज

जर्मनीत, हॅनोव्हरला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे मधुआजोबा खोबऱ्याच्या वड्या स्टीलच्या पट्टीने मोजून कापतात. एखादी वडी मिलिमीटरभर मोठी निघाली, तर न्यायासाठी ती स्वतः खातात. त्यामुळे बऱ्याच वड्या मोठ्या निघतात.

"वाटणीत चूक म्हणजे युद्ध, वहिनी!" हे त्यांचं पालुपद. निवृत्त झालेले इंजिनियर बागकाम करतात. यांनी युरोपच्या इतिहासातले फ्रँक टोळीचे राजे पाळले. बाराशे वर्षांपूर्वीचे हे राजे मुलांना राज्य वाटून द्यायचे, मग मुलं एकमेकांवर आणि बापावरही चालून जायची. हरलेल्याचे केस कापून त्याला मठात धाडायचे. तुम्ही कधी इथे आलात तर तुम्हालाही हे ऐकावं लागेल. माझे पोहे दर रविवारी यातच गार होतात.

आजोबांचं स्वतःचं राज्य म्हणजे तीन खोल्या आणि सांगलीहून आणलेला पितळी कड्यांचा झोपाळा. युवराज दोन: थोरला ड्युसेलडॉर्फला, धाकटा बाड हॉम्बुर्गला.

गेल्या दिवाळीत आजोबांनी कारस्थान रचलं. थोरल्याला फोनवर सांगितलं, झोपाळा धाकट्याला देतोय. धाकट्याला कळवलं, थोरल्याला देतोय. मग वर येऊन मला म्हणाले, "आल्झो, तर मग वहिनी, शनिवारी दोघं तणतणत येणार बघा. लहानपणी याच झोपाळ्यावरून एकमेकांना ढकलायचे. तुम्ही पंच. येताना वड्या थापून आणा, कापू नका."

शनिवारी मी ताट घेऊन गेले. टेबलावर लग्नघरासारखी पातेली, आजोबा इस्त्रीच्या सदऱ्यात झोपाळ्यावर. युवराजांचा पत्ता नाही.

"थोरला काय म्हणाला?"

"म्हणाला, 'गेनाऊ, अगदी बरोबर, पापा, त्यालाच दे. आमचा घरमालक छताला भोकं पाडू देत नाही.'"

"आणि धाकटा?"

आजोबांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा.

"बघा, किती समजूतदार मुलं!" मी म्हटलं. "नाहीतर तुमच्या त्या राजांची पोरं! सैन्य घेऊन यायची."

"यायची ना पण, वहिनी."

मी पट्टी त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी ती घेतली नाही. "कापा कशाही."

मी वेड्यावाकड्या कापल्या आणि सर्वांत मोठी वडी त्यांच्या हातावर ठेवली. ती तशीच धरून ते जिन्यात वाजणाऱ्या पावलांकडे कान लावून बसले. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.