वायरीचं मोकळं टोक

मृणालीच्या मुलाखतीत माझा हात वायरीला लागू नये, एवढ्यासाठी आम्ही नेटवर्क स्विच घ्यायचं ठरवलं. आमच्या राऊटरला पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, एकच; स्विच लावला की एकाच्या अनेक होतात. निवृत्त झाल्यावर मीही एक कॉम्प्युटर घेतला (पेपर वाचायला, घरातला पेपर माझ्या हाती शेवटी येतो), तेव्हापासून लेकीची वायर काढून माझी लावायची, हा रोजचा कार्यक्रम होता.

मंदीत तिची नोकरी गेली होती. आठ महिन्यांत हे पहिलंच बोलावणं. पुण्याचे साहेब कॅमेऱ्यावर प्रश्न विचारणार होते. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, खडखडाट नाही, म्हणून तिनं शुक्रवार मागून घेतला. बाराला लोडशेडिंग, म्हणून अकराची वेळ.

राऊटरची सगळी माहिती फुलस्केपवर उतरवून मी अंजूरफाट्याला दीपेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

"याला कुठला स्विच चालेल?"

"कुठलाही चालेल, काका."

मी घाबरलो. तीस वर्षांत कुठलाही कागद कुठल्याही टेबलावर चाललेला मी पाहिलेला नाही.

"लेखी द्याल?"

"काका, पाच पोर्टचा देऊ की आठचा?"

वायरी तीन होत्या. मी आठचा घेतला. (सरकारी सवय.)

दोन दिवस दोन्ही कॉम्प्युटर सुखानं चालले. शुक्रवारी सकाळी मृणालीनं खबरदारी म्हणून माझ्या कॉम्प्युटरची वायर काढली. तिचं एक टोक स्विचमध्येच राहिलं, दुसरं टेबलावरून लोंबू लागलं. पुण्याचे साहेब बघणार, आणि घरात असला गबाळेपणा? (माझ्या फायलीतून कधी सुटा कागद बाहेर डोकावला नाही.) स्विचमध्ये पाच पोर्ट रिकामेच होते. पावणेअकराला मी ते टोक त्यातल्या एकात नीट खोचून दिलं.

स्विचवरचे सगळे दिवे एकदम फडफडू लागले. वार्षिक तपासणीच्या दिवशी आमचं ऑफिस असंच कामाला लागायचं. मला समाधान वाटलं.

"बाबा, नेट गेलं!"

दीपेशला फोन केला. "बंद करून चालू करा," तो म्हणाला. दोनदा केलं. "या राऊटरचं नि स्विचचं जमत नाहीये," मी म्हणालो, "उगाच लेखी मागत नव्हतो मी." मृणाली ओढणी बोटाला गुंडाळत घड्याळाकडे बघत राहिली. अकरा वाजून चार मिनिटं.

तेवढ्यात आमची ही, म्हणजे कमळ, हात पुसत आली. तिनं एक वायर चिमटीत धरली आणि शेवटापर्यंत चाचपत नेली.

"अहो, ही इथनं निघते नि इथंच परत येते. कुठं जातच न्हाय. तुमच्या हापिसातली फाइल हाय का ही?"

तिनं टोक उपटलं. दिवे निवले, नेट आलं आणि मला खोलीबाहेर काढण्यात आलं.

मी दाराला कान लावून उभा राहिलो. वीस मिनिटांनी साहेबांचा आवाज आला, "एक तारखेपासून या. पण सुरुवातीला उशीर का झाला?"

"सॉरी सर. एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये लागली होती."

"कुणी लावली?"

खरं बोलायला तिला मीच शिकवलंय.

"एक हेडक्लार्क होते, सर. आता रिटायर झालेत."

"सुटलात," साहेब म्हणाले. "आमच्याकडचे दोघे अजून रिटायर व्हायचेत."